आवाजाला कात्री लावण्याआधी

एकच ध्वनिमुद्रण दोन वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये घ्या आणि काहीही न बदलता दोन्हीकडून पुन्हा बाहेर काढा. मग त्यातल्या एकाची लहर उलटी करा, दोन्ही फाइली एकमेकींवर ठेवा आणि वाजवा. काहीच ऐकू येत नाही. एका लहरीतला प्रत्येक चढ दुसरीतल्या उताराने पुसला जातो. स्टुडिओत ‘नल टेस्ट’ म्हणतात ती हीच. पॅन लॉ, डिदर आणि सॅम्पल रेट दोन्हीकडे सारखे ठेवले, तर साध्या कापाकापीपुरता ऑडॅसिटी, रीपर, ऑडिशन, क्यूबेस, प्रो टूल्स या सगळ्यांचा निकाल हाच लागतो. अमक्या सॉफ्टवेअरचा आवाज भरदार आणि तमक्याचा कोरडा, हा वाद त्या शांततेत मिटतो.

मग तुलना करायची कशाची? दोन गोष्टी उरतात. कानाने घेतलेला निर्णय हातून पडद्यावर उतरायला किती वेळ लागतो, ही एक. आणि मध्येच काही बिघडले तर झालेल्या कामातले काय शिल्लक राहते, ही दुसरी. पहिलीला वेग म्हणू, दुसरीला स्थैर्य. जाहिरातींत आणि परीक्षणांच्या व्हिडिओंत हे दोन्ही गुण सॉफ्टवेअरच्या अंगचे म्हणून सांगितले जातात. मला ते पटत नाही. सॉफ्टवेअर, संगणक, फाइलीचा प्रकार, खोलीतली हवा, विजेची सोय आणि बसणाऱ्याचा हात यांचे जसे जमेल तसे वेग आणि स्थैर्य येतात. म्हणून ते आपल्या जागी, आपल्याच ध्वनिमुद्रणावर मोजले पाहिजेत. वातानुकूलित स्टुडिओतला निकाल मे महिन्यात पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीच्या बंद खोलीत तसाच लागेल, असे समजण्याला काही आधार नाही. या क्षेत्रात नव्याने पाऊल टाकणाऱ्यांचे स्वागत करताना हे आधी सांगायला हवे.

चिंचणी, तारापूर, बोईसर, वाणगाव हा पट्टा आवाजांच्या बाबतीत फार श्रीमंत आहे. किनाऱ्याला मांगेली, वाड्यांमध्ये वाडवळी, डोंगराच्या अंगाला वारली, बाजारपेठेत मराठीच्या बरोबरीने गुजराती, आणि एमआयडीसीत कामाला आलेल्यांमुळे हिंदीच्या कितीतरी तऱ्हा. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले. पुढे तिथल्या ३ आणि ४ क्रमांकाच्या अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. गाव उठले की माणसे नव्या वसाहतीत राहायला जातात. पण होडीवरचे, विहिरीवरचे, ओटीवरचे बोलणे हळूहळू बदलते आणि जुने शब्द ज्यांच्या तोंडी आहेत अशी पिढी संपत जाते. आजीच्या तोंडची लग्नातली गाणी मोबाइलवर टिपून ठेवणारी मुले-मुली आज या भागात आहेत. स्नेहसंमेलनाच्या नाचासाठी गाणी जोडून देणारे आहेत, रिक्षावरून फिरणाऱ्या जाहिराती तयार करणारे आहेत, वरातीच्या बँडचे ट्रॅक सफाईने लावणारे आहेत. या सगळ्यांना कधी ना कधी आवाज कापावा लागतो. त्यांच्यासाठी मराठीत हा विषय शिस्तीने मांडलेला असावा, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे.

महाराष्ट्रात या कामाची परंपरा नाही असे कुणी समजू नये. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यातल्या कितीतरी बर्नार्ड बेल यांच्या सहभागाने ध्वनिमुद्रित झाल्या आणि आज ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’ म्हणजे ‘परी’च्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर केलेल्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणात वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या बोलणाऱ्यांचे आवाज जमा झाले. असे संग्रह ऐकताना संपादकाकडे कुणाचे लक्ष जात नाही, आणि जाऊही नये. पण एक ओवी कुठे संपली, पुढची कुठे सुरू झाली, मधला खोकला ठेवायचा की काढायचा, बाई थांबली ती विसरली म्हणून की गहिवरली म्हणून, हे कुणीतरी कान लावून ठरवलेले असते.

संगणकाच्या आधी हे काम ब्लेडने होत असे. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. पुढे टेप आली आणि नभोवाणीत टेप कापून जोडणे हे एक कसबच झाले. पाव इंच रुंदीची टेप खाचेच्या पट्टीत बसवायची, हव्या जागी मेणपेन्सिलने खूण करायची आणि ४५ अंशांच्या तिरक्या रेषेत ब्लेड फिरवायचे. तिरकेच का? टेपची रुंदी ६.३५ मिलिमीटर. सेकंदाला साडेसात इंच, म्हणजे १९०.५ मिलिमीटर वेगाने ती धावते. तिरका छेद टेप वाजवणाऱ्या ‘हेड’वरून पुढे सरकायला सुमारे ३३ मिलिसेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात जुना आवाज मावळत जातो आणि नवा उगवत येतो. सरळ छेद दिला की जोडावर ‘टक्’ असे वाजते. आज प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये ‘क्रॉसफेड’ नावाने जे मिळते ते त्या टेबलावर असे हाताने होत होते. नव्या अभ्यासकाने हा हिशोब एकदा कागदावर करून पाहावा. क्रॉसफेड किती लांब ठेवावा, हे पुन्हा कुणाला विचारावे लागणार नाही.

सॉफ्टवेअरचा इतिहास इथे थोडक्यात पुरे. प्रो टूल्स १९९१मध्ये आले आणि सिनेमा-मालिकांच्या स्टुडिओंत रुजले. ऑडॅसिटी कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी सुरू केले आणि २००० साली ते सर्वांना फुकट मिळू लागले. कूल एडिट हे २००३मध्ये अडोबीने विकत घेतले, त्याचेच नाव ऑडिशन झाले. विनॅम्प लिहिणाऱ्या जस्टिन फ्रँकेल यांनी पुढे रीपर लिहिले. त्याची पहिली आवृत्ती २००५च्या अखेरीस आली. ही चार नावे चार स्वभावांची आहेत, म्हणूनच तुलनेला चांगली.

वेगाकडे वळू. एका मांगेली आजीची तासाभराची मुलाखत समोर आहे असे धरा. ती वादळात सापडलेल्या होडीची हकिकत सांगते आहे आणि ऐन वाक्यात रस्त्यावरून भोंगा वाजतो. संपादकाला काय काय करावे लागते? थांबणे, जागा नेमकी सापडवणे, दोन्ही बाजूंना कट मारणे, मधला तुकडा काढणे, पुढचे सगळे मागे सरकवणे, जोडावर क्रॉसफेड देणे, दोन सेकंद मागे जाऊन पुन्हा ऐकणे. सात कामे. आता हीच सात कामे वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये करून पाहा. ऑडॅसिटीत तुकडा निवडून डिलीट दाबले की मधली फट आपोआप मिटते, आणि ‘झेड’ कळ निवडीच्या कडा लहर शून्यावर येते तिथे नेऊन ठेवते. रीपरमध्ये ‘एस’ कळीने कट बसतो. सगळ्या ट्रॅकचे रिपल एडिटिंग चालू असेल तर पुढचे सगळे ट्रॅक एकत्र मागे येतात, आणि या सातांपैकी बरीच कामे एकाच कळीवर बांधून ठेवता येतात. ऑडिशनमध्ये आणखी वेगळी वाट आहे. वर्णपट उघडला की भोंग्याचे सूर आडव्या झळाळत्या पट्ट्यांसारखे दिसतात. शब्दाला धक्का न लावता तेवढ्या पट्ट्या पुसता येतात, म्हणजे कट मारण्याची वेळच येत नाही.

यात जिंकले कोण? लांब मुलाखत कापायची असेल आणि हाताला कळींची सवय करून घ्यायची तयारी असेल, तर माझा कौल रीपरला. शाळेतल्या मुलामुलींना पहिल्याच दिवशी काहीतरी पूर्ण करून घरी न्यायचे असेल तर ऑडॅसिटी. शब्दावरच दुसरा आवाज चढला असेल तर ऑडिशन. आणि काम पुढे मुंबईतल्या मिक्सिंग स्टुडिओकडे जाणार असेल, तर प्रो टूल्सला पर्याय शोधण्यात वेळ घालवू नये. तिथे सगळ्यांचे सेशन त्यातच उघडतात आणि फाइल बदलून देण्याच्या खटाटोपात वाचवलेला वेळ निघून जातो.

पण तासाभराचे ध्वनिमुद्रण ऐकायला एक तास लागतोच. यातून कुठल्याही सॉफ्टवेअरने सुटका होत नाही, आणि ज्याला ती हवी आहे त्याने या क्षेत्रात येऊ नये. म्हणून वेग मोजताना ‘एका तासाच्या कच्च्या मुद्रणाला किती तास लागले’ हे गुणोत्तर धरावे आणि त्यातला ऐकण्याचा वेळ बाजूला काढून लिहावा. उरलेला वेळ हा खरा सॉफ्टवेअरचा आणि हाताचा.

वेगाच्या नावाखाली मिळणाऱ्या एका सोयीपासून मात्र सावध करणे माझे कर्तव्य आहे. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये शांत जागा आपोआप कापून टाकण्याची आज्ञा असते. मराठीत ती फार जपून वापरावी लागते. ‘मका’ आणि ‘मक्का’ हे दोन शब्द लहरीच्या रूपात शेजारी ठेवून पाहा. ‘क’ उच्चारताना तोंड आतून बंद होते आणि क्षणभर लहर जवळजवळ सपाट होते. ‘क्क’मध्ये ती सपाट जागा चांगलीच लांब असते. कानाला जे द्वित्त वाटते ते मुख्यतः या लांब शांततेतून. यंत्राला ती नुसती रिकामी जागा दिसते. शांततेच्या लांबीची मर्यादा फार कमी ठेवली तर यंत्र ती छाटते आणि मक्केला निघालेला माणूस मका घ्यायला जातो. बोलीच्या अभ्यासासाठी केलेल्या मुद्रणात अशी एक चूक पुढच्या सगळ्या निष्कर्षांत शिरते. गोंगाट कमी करण्याच्या आज्ञेचेही तसेच. समुद्राची गाज आणि ‘स’, ‘श’, ‘फ’ यांतला फुत्कार हे लहरीच्या भाषेत एकमेकांचे जवळचे नातलग आहेत. गाज पुसायला गेलेले यंत्र ‘स’चीही धार बोथट करते. चिंचणीच्या किनाऱ्यावर मुद्रण करायचे तर माइक तोंडाजवळ नेणे आणि वाऱ्याला पाठ देणे हे नंतरच्या कुठल्याही संपादनापेक्षा लवकर आटोपते.

तारप्याचे, म्हणजे वारली नाचातल्या फुंकवाद्याचे, तर शास्त्रच वेगळे. वादक श्वास न तोडता फुंकत राहतो, त्यामुळे सूर अखंड वाहतो आणि बोलण्यात मिळते तशी कट मारायला शांत जागा मिळतच नाही. तीस मिलिसेकंदांचा क्रॉसफेड बोलण्याला पुरतो, इथे जोड लगेच उघडा पडतो. लहरीचे एक पूर्ण आवर्तन दुसऱ्या तुकड्यातल्या आवर्तनाशी जुळवून, नाचाच्या पदन्यासाची लय सांभाळून, मग लांब क्रॉसफेड द्यावा लागतो. हे काम ज्या सॉफ्टवेअरमध्ये लहर अगदी जवळून मोठी करून दोन तुकडे एकमेकांवर सरकवता येतात तिथेच लवकर होते. परदेशी परीक्षणांत गिटार आणि ड्रम घेऊन चाचण्या केलेल्या असतात. तारप्यावर चाचणी आपणच करायला हवी.

आता स्थैर्य. या भागात काम करणाऱ्यांकडून ‘सॉफ्टवेअर हँग झाले’ ही तक्रार नेहमी कानी येते. खोलात गेले की कारण पुष्कळदा दुसरेच निघते. मुद्रणाच्या वेळी पंख्याचा आवाज नको म्हणून पंखा बंद, खिडक्या बंद. एप्रिल-मेमध्ये अशा खोलीत लॅपटॉप तापतो, प्रोसेसर स्वतःला वाचवायला गती कमी करतो आणि आवाज तुटू लागतो. खाऱ्या हवेने यूएसबीच्या खोबणीतले धातूचे पाते काळवंडते, ऑडिओ इंटरफेसचा संपर्क क्षणभर सुटतो आणि दोष सॉफ्टवेअरच्या माथी येतो. वायफायचा ड्रायव्हर मध्येच प्रोसेसर अडवून धरतो, हेही नेहमीचे. संपादन करताना बफर ६४ सॅम्पलवर ठेवण्याची गरज नसते. तो ४८ किलोहर्ट्‌झला १.३ मिलिसेकंद भरतो आणि गाणाऱ्याला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज वेळेवर मिळावा एवढ्यासाठी असतो. कापाकापीला १०२४ ठेवला तर २१ मिलिसेकंद उशीर होतो, तो कुणालाही जाणवत नाही, आणि संगणकाला श्वास घ्यायला उसंत मिळते.

लाइट जाणे हा स्थैर्याचा सर्वांत प्रामाणिक परीक्षक. लॅपटॉपची बॅटरी जुनी झालेली असते, इन्व्हर्टर घरच्या दिव्यांना जोडलेला असतो आणि संगणक बंद पडतो. परत चालू केल्यावर काय मिळते, यात सॉफ्टवेअरांमध्ये खरा फरक आहे. ऑडॅसिटीची जुनी पद्धत अशी होती की प्रकल्पाची एक छोटी फाइल आणि तिच्या शेजारी आवाजाच्या असंख्य बारीक तुकड्यांचे फोल्डर. कुणी पेनड्राइव्हवर फक्त ती छोटी फाइल घेऊन गेले की काम गेले. २०२१च्या ३.० आवृत्तीपासून सगळे एकाच फाइलीत, एसक्यूलाइट नावाच्या डेटाबेसमध्ये राहते. लाइट जाऊन आली तर काम पुन्हा सापडण्याची शक्यता त्यामुळे चांगली झाली. ती फाइल फुगते मात्र फार, आणि पेनड्राइव्हवरून थेट उघडून काम करणे धोक्याचेच. रीपरची रीत उलटी. त्याची प्रकल्प-फाइल हा साधा मजकूर असतो, नोटपॅडमध्येसुद्धा वाचता येतो. आवाजाच्या मूळ फाइली बाजूला तशाच राहतात आणि ठरावीक मिनिटांनी वेळेचा शिक्का मारलेली प्रत ठेवायला त्याला सांगता येते. मला ही रीत जास्त विश्वासाची वाटते, कारण काय हरवले आणि काय उरले हे डोळ्यांनी पाहता येते. मूळ फाइली दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवल्या की तो त्या शोधत बसतो, एवढी खबरदारी घ्यावी लागते.

फाइलीच्या आकाराची एक मर्यादा रात्रभर चालणाऱ्या नाचाच्या मुद्रणात आडवी येते. ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे, आयएएसएचे, मार्गदर्शन असे आहे की जतन करण्याच्या प्रती कमीत कमी ४८ किलोहर्ट्‌झ आणि २४ बिटच्या असाव्यात. दोन चॅनेल धरले तर सेकंदाला २,८८,००० बाइट होतात. साध्या वेव्ह फाइलीत आकार लिहायला ३२ बिटांचीच जागा असते, म्हणजे चार जीबी. ती चार तास आठ मिनिटांत भरते. ९६ किलोहर्ट्‌झला दोन तास चार मिनिटांत. चांगले रेकॉर्डर त्याआधीच फाइल तोडून पुढची सुरू करतात. पण तुकडे परत जोडताना मधले सॅम्पल गळले की नाही, आणि जोडलेली मोठी फाइल आपले सॉफ्टवेअर आरएफ६४ या चार जीबीहून मोठ्या फाइलींच्या प्रकारात नीट उघडते की नाही, हे काम हाती घेण्याआधी तपासावे. फाइलींची नावे देवनागरीत ठेवणाऱ्यांनी तीही चाचणी करावी. काही जुने प्लगइन अशा नावांपुढे अडतात.

या सगळ्याच्या मुळाशी एक नियम आहे आणि तो चिंचणीच्याच एका ठेव्यावरून समजावून सांगता येतो. इथे राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला शके ८४८चा, म्हणजे इ.स. ९२६चा ताम्रपट मिळाला. संजाणच्या मंडलावर त्या वेळी मधुमती सुगतिप नावाचा ताजिक, म्हणजे अरब, अधिकारी होता, त्याने नदीवर तरीची सोय आणि प्रवाशांसाठी अन्नछत्र केले, हे आपल्याला त्यातून कळते. दिनेशचंद्र सरकारांनी चिंचणीचे ताम्रपट वाचून ‘एपिग्राफिया इंडिका’त छापले. पुराभिलेखाचा अभ्यासक पत्र्यावर एक ओरखडा काढत नाही. तुटलेले अक्षर तो कंसात भरतो, शंका तळटीपेत लिहितो, आणि पत्रा जसा होता तसा पुढच्या वाचकासाठी राहतो. ध्वनिसंपादनात यालाच ‘नॉन-डिस्ट्रक्टिव्ह’ म्हणतात: कट, क्रॉसफेड, आवाजाची पातळी हे सगळे वेगळ्या फाइलीत सूचना म्हणून राहते आणि मूळ मुद्रणाला हात लागत नाही. रीपर, प्रो टूल्स आणि ऑडिशनचे मल्टिट्रॅक पहिल्यापासून असेच चालतात. ऑडॅसिटी ३.१ आणि ३.२ या आवृत्त्यांपासून या दिशेने बरेच पुढे सरकले, तरी त्यातले कितीतरी परिणाम अजून आवाजातच उतरतात. म्हणून ऑडॅसिटी वापरणाऱ्याने मूळ फाइल फक्त वाचण्यापुरती करून ठेवावी आणि प्रतीवर काम करावे.

तुलना प्रत्यक्ष कशी करायची ते सांगून तुम्हाला कामाला सोडतो. तीन नमुने घ्या: बोलण्याचा एक तास, तारपा किंवा घांगळीची पंधरा मिनिटे, आणि किनाऱ्यावर वाऱ्यात केलेले एखादे मुद्रण. ज्यांचा आवाज आहे त्यांची परवानगी आधी घ्या आणि ती त्यांच्याच आवाजात नोंदवून ठेवा. तिन्ही नमुन्यांवर कुठे कट हवेत याची यादी कागदावर आधीच करा, म्हणजे प्रत्येक सॉफ्टवेअरला तेच काम मिळेल. नव्या सॉफ्टवेअरवर किमान दोन आठवडे हात बसू द्या. पहिल्या दिवशीचा वेग सवयीचा असतो, साधनाचा नसतो. मग वेळ मोजा, आणि मोजताना दुसऱ्या कुणाला घड्याळ धरायला सांगा. स्थैर्यासाठी प्रत घ्या आणि मुद्दाम त्रास द्या. काम चालू असताना संगणकाची वीज काढा, डिस्क भरत आणा, इंटरफेसची वायर ओढा, मूळ फाइलींचे फोल्डर हलवा. प्रत्येक वेळी काय परत मिळाले आणि ते मिळवायला किती मिनिटे गेली, हे लिहा. निकालाच्या शेजारी संगणकाचे मॉडेल, रॅम, सॉफ्टवेअरची आवृत्ती, बफर आणि खोलीचे तापमान नोंदवायला विसरू नका. आवृत्ती न लिहिलेला निकाल सहा महिन्यांनी कुणाच्याच उपयोगाचा राहत नाही. लिनक्सवर आर्डर हे ध्वनिसंपादनाचे सॉफ्टवेअर चालवून पाहणारे कुणी असेल तर त्यांची नोंद मला विशेष हवी आहे, कारण जुन्या, कमी रॅमच्या संगणकांवर आपल्याकडच्या शाळांना त्याचा उपयोग होईल असे मला वाटते आणि ते अजून मोजायचे बाकी आहे.